डबा सापडंना, म्हणून जीपीएस विकायचा का?

पत्र थोडक्यात असं आहे. कोल्हापुरातल्या एका ताई लिहितायत, नाव आणि पेठ छापत नाही. भावानं त्याचा जुना हँडहेल्ड जीपीएस त्यांना दिला, बटणांचा, पेन्सिल सेलवर चालणारा. सातवीतला मुलगा सुट्टीच्या दिवशी मोबाईल सोडत नाही म्हणून दोघांनी मिळून जिओकॅशिंग सुरू केलं. म्हणजे कुणीतरी लपवलेला डबा वेबसाइटवर दिलेल्या अक्षांश-रेखांशावरून शोधायचा, आतल्या वहीत नाव-तारीख लिहायची आणि डबा होता तसा परत ठेवायचा. तीन ठिकाणी जाऊन आले, एक तासाभराच्या अंतरावरची टेकडी, एक कोकणात उतरताना घाटात आणि एक गोव्याच्या ट्रिपमध्ये, आणि एकदाही डबा मिळाला नाही. फोन एक जागा दाखवतोय आणि यंत्र तिथनं चार-पाचशे मीटर लांब नेतंय. एकदा तर यंत्रानं आकडे घेतलेच नाहीत. थांबलं की बाण गरागरा फिरतोय, सॅटेलाइट मिळायला पंधरा-वीस मिनिटं लागतायत, सेल लगेच संपतायत, तारीख तर वीसेक वर्षं मागची दाखवतंय. मिस्टर म्हणतायत हे भंगारात घाल, फोन आहे की, नाहीतर एकदाच नवीन घेऊ. मुलगा म्हणतोय "आई, तुला जमत नाही, राहू दे." ताईंचा प्रश्न असा की यंत्र विकावं का, का हा खेळच आपल्याकडचा नाही म्हणून सोडून द्यावा. आणि शेवटी एक ओळ अशी की पन्हाळ्यावर तीन दरवाज्याजवळ आपणच एखादा डबा लपवला तर चालेल का.

ताई, विकू नका. निदान आत्ता तरी नको. तुमचं पत्र मी दोनदा नीट वाचलं आणि मला वाटतंय यंत्रात काही मोठा बिघाड नसावा. तुम्ही सगळ्या तक्रारी एका माळेत ओवल्यात, तारीख चुकीची, बाण फिरतोय, सेल संपतोय, डबा सापडत नाही, आणि त्याचा अर्थ काढलाय की यंत्र खोटं आहे आणि आपल्याला जमत नाही. पण ह्या सगळ्याची कारणं वेगवेगळी आहेत, एकाचा दुसऱ्याशी फारसा संबंधही नाही, आणि बहुतेक घरी बसून सुटण्यासारखी आहेत.

सगळ्यात मोठा धागा तुम्ही स्वतःच देऊन ठेवलाय, तो चार-पाचशे मीटरचा. जीपीएस खरोखर बिघडला तर तो शक्यतो जागा दाखवतच नाही, किंवा जागा सारखी उड्या मारते. दर वेळी शांतपणे, ठामपणे काहीशे मीटर लांबची जागा दाखवत असेल तर गडबड आकडे टाकण्यात असते. जिओकॅशचे आकडे डिग्री आणि दशांश मिनिटांत दिलेले असतात. समजा वेबसाइटवर त्या डब्याच्या पानावर उत्तर १६° ४२.३००' असं लिहिलंय. आता तुमच्या यंत्रात भावानं कधीतरी डिग्री-मिनिट-सेकंदाची सेटिंग ठेवलेली असेल तर तिथं रकाना १६° ४२' ००.०" असा असतो. तुम्ही पानावरचे आकडे ओळीनं टाकत जाता, चार, दोन, तीन, शून्य, शून्य, सगळे आकडे बरोबर बसतात, रकाना भरतो आणि वाटतं झालं काम. पण आता तिथं झालंय ४२ मिनिटं ३० सेकंद. ३० सेकंद म्हणजे अर्धं मिनिट, आणि पानावर होतं ०.३ मिनिट. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे साधारण १.८५ किलोमीटर, त्यामुळं नुसत्या उत्तर-दक्षिणेतच तुम्ही ३७० मीटर चुकलात, पूर्व-पश्चिमेची चूक त्यात आणखी वेगळी.

आणि ते "एकदा आकडे घेतलेच नाहीत" म्हणालात ना, ते वाचून तर माझी जवळजवळ खात्रीच झाली. पॉइंटनंतरचा आकडा ६०० किंवा त्याच्या वर असला, म्हणजे समजा ४२.७५०, तर सेकंदाच्या रकान्यात ७५ जातील, आणि सेकंद काय साठच्या पुढं नसतात, मग यंत्र ते मान्य कसं करणार. त्या दिवशी यंत्र तुम्हाला चूक दाखवत होतं.

पडताळायचं कसं तर घरी निवांत बसून तुम्ही टाकलेली जागा आणि फोनवरची जागा नकाशावर शेजारी शेजारी ठेवून बघा. ही चूक झाली असेल तर यंत्रातली जागा कायम फोनच्या जागेच्या ईशान्येला निघणार, कारण ह्या घोळात आकडा नेहमी वाढतोच, कमी कधी होत नाही, आणि आपल्याकडं अक्षांश वाढला की उत्तरेला आणि रेखांश वाढला की पूर्वेला सरकतो. तिन्ही ठिकाणी ईशान्य निघाली तर विषय संपला. सेटअपमध्ये पोझिशन फॉरमॅट म्हणून जागा असते तिथं जा आणि ज्या पर्यायात मिनिटांनंतर पॉइंट आणि पुढं तीन आकडे आहेत, सेकंदाची खूण नाही, तो निवडा. इथनं पुढं आकडे टाकून झाले की घरातूनच एक गोष्ट बघायची, यंत्र त्या जागेचं सरळ रेषेतलं अंतर किती दाखवतंय आणि फोन किती. दोन्ही जुळली तरच गाडीला किल्ली लावा. जीपीएक्स फाइल, म्हणजे डब्याची जागा आयती भरलेली फाइल, मिळत असेल तर केबलनं ती यंत्रात टाका, मग हातानं आकडे टाकायची भानगडच नाही.

हे जरा इतर वाचकांसाठी पण लिहितो, कारण अशी पत्रं बऱ्याच जणांची असतात आणि चूक किती मोठी आहे ह्यावरून ती कुठली आहे हे बऱ्यापैकी ओळखता येतं. काही शे मीटर असेल तर वरचा मिनिट-सेकंदाचा घोळ. आकडे नुसत्या दशांश डिग्रीत टाकले गेले, म्हणजे १६° ४२.३००' चं १६.४२३००° झालं, तर कोल्हापुरातला माणूस ३० किलोमीटर दक्षिणेला भुदरगडच्या दिशेला पोचतो, ते लगेच कळतं त्यामुळं त्याचा त्रास नाही. शंभर-दीडशे मीटरची चूक असेल तर मॅप डेटम बघायचं, म्हणजे पृथ्वीचं कुठलं माप धरून यंत्र आकडे दाखवतंय ते. तिथं डब्ल्यूजीएस ८४ च पाहिजे. सर्व्हे ऑफ इंडियाचे जुने नकाशे एव्हरेस्टच्या मापावर काढलेले असायचे, ते वापरणारे ट्रेकर लोक यंत्रात इंडियन डेटम ठेवायचे आणि परत बदलायचं राहून जायचं, आणि जुनं यंत्र हातात घेणाऱ्याला हे माहीत असायचं काही कारण नाही. आणि दहा-पंधरा मीटरचा फरक असेल तर ती चूकच नाही, त्यावर पुढं बोलतो.

आता ती तारीख. ही ऐकायला भयानक वाटते पण निरुपद्रवी आहे. जीपीएसचे सॅटेलाइट तारीख सांगताना आठवड्याचा नंबर पाठवतात आणि मूळ सिग्नलमध्ये त्या नंबराला जागा आहे फक्त १०२४ आठवड्यांची, म्हणजे साडेएकोणीस वर्षांच्या आसपास, की परत शून्यापासून सुरू. हे एकदा ऑगस्ट १९९९ मध्ये झालं, नंतर ६ एप्रिल २०१९ ला झालं, पुढचं नोव्हेंबर २०३८ मध्ये होणार. जुन्या यंत्राला हे शिकवलेलं नसतं तेव्हा ते तारीख तेवढी वर्षं मागं दाखवतं. जागा बहुतेक वेळा बरोबरच येते कारण त्यासाठी आठवडा कुठल्या साली होता ह्याच्याशी फारसं देणंघेणं नसतं. कंपनीच्या साइटवर तुमच्या मॉडेलचा अपडेट असेल तर टाकून घ्या, तारीख सुधारेल, नसेल तर चुकीच्या तारखेसकट वापरा. वहीत तारीख फोनवर बघून लिहा, बास.

पंधरा-वीस मिनिटं लागतायत ते का, तर यंत्र महिनोन्महिने कपाटात होतं. सगळ्या सॅटेलाइटचं वेळापत्रक म्हणजे अल्मनॅक आकाशातून पूर्ण उतरवून घ्यायलाच साडेबारा मिनिटं लागतात, आणि मधे सिग्नल तुटला तर आणखी. फोन ही माहिती नेटवरून ओढतो म्हणून तो पटकन सुरू होतो, यंत्राला तो आधार नाही. निघायच्या आदल्या दिवशी गच्चीवर नेऊन मोकळ्या आभाळाखाली अर्धा तास चालू ठेवा, हलवू नका, दुसऱ्या दिवशी बघा कसं झटकन पकडतंय. चालत्या गाडीत काचेआड धरून पहिला सिग्नल शोधायला लावणं हे मात्र यंत्राचे हाल करणं आहे.

बाणाचं म्हणाल तर सगळ्या हँडहेल्डमध्ये इलेक्ट्रॉनिक कंपास नसतोय. गार्मिनच्या ईट्रेक्समध्येच बघा, १० आणि २० ला नाही, ३० ला आहे. ज्याला नाही त्याला दिशा कळते ती तुमच्या चालण्यावरून, आत्ता इथं होतो आणि दोन सेकंदांनी तिथं, म्हणजे तोंड तिकडं. तुम्ही उभ्या राहिलात की त्याला दिशा कळायला मार्गच उरत नाही, मग बाण फिरणारच. वीस-तीस पावलं सरळ चालायचं, बाण स्थिर होतो. तुमच्यात कंपास असेल तर सेल बदलल्यावर दर वेळी तो कॅलिब्रेट करावा लागतो, मेन्यूत पर्याय असतो, यंत्र सांगेल तसं फिरवायचं. मात्र ते करताना गाडीजवळ, लोखंडी रेलिंगजवळ उभं राहायचं नाही.

सेल घड्याळात-रिमोटात घालायचे स्वस्तातले घालत असाल तर ते टिकणार नाहीतच, हे यंत्र जास्त करंट ओढतं. चांगले अल्कलाइन घाला नाहीतर चार्जिंगचे निकेल मेटल हायड्राइडवाले घ्या, आणि कुठले घातलेत ते सेटअपमध्ये सांगा, नाहीतर बॅटरीची पट्टी चुकीची दाखवणार. आणि पावसाळाभर ठेवून द्यायचं असेल तर सेल काढूनच ठेवा. सेल फुटून पांढरट-हिरवट खार पट्ट्यांवर जमला तर अशी यंत्रं खरोखर मरतात. तुमच्यात थोडा असेल तर कानकाडीला व्हिनेगर नाहीतर लिंबाचा रस लावून हलक्या हातानं पुसा, मग कोरडं करून वाळवा.

वापरलेल्या यंत्रात आणखी दोन सेटिंग बघून घ्या, ह्या दोन्ही लोकांना वेड लावतात. एक लॉक ऑन रोड. ते चालू असेल तर यंत्र तुम्हाला जबरदस्तीनं जवळच्या रस्त्यावर दाखवतं, तुम्ही टेकडीवर असला तरी. दुसरं सॅटेलाइटच्या जागी डेमो मोड, त्यात ते खोट्या खोट्या जागेवर फिरत बसतं.

एवढं सगळं झालं की एक परीक्षा घ्या यंत्राची, आणि ती डबा शोधून नाही. इथं तुमच्या विचारातली एक गोष्ट मला बदलावीशी वाटते. तुम्ही यंत्राची परीक्षा अशा जागेवर घेताय जी तुम्हालाच माहीत नाही, मग चूक यंत्राची का आकड्यांची का डबा लपवणाऱ्याची हे कळणार कसं? रोजची ओळखीची जागा घ्या. रंकाळ्याच्या काठावरचा एखादा मोकळ्यातला दिव्याचा खांब घ्या, त्याला टेकून उभं राहा, पाच मिनिटं यंत्र स्थिर होऊ द्या आणि ती जागा सेव्ह करा. दुसऱ्या दिवशी वेगळ्या वेळी, लांबून, फक्त यंत्र बघत चालत या. खांबापासून पाच-सहा मीटरच्या आत आणून सोडलं तर यंत्र ठणठणीत आहे. तीस मीटर लांब सोडलं, आणि परत परत सोडलं, तर मग मिस्टरांचं बरोबर.

हा खेळ जन्मालाच असल्या परीक्षेतून आलाय. २ मे २००० पर्यंत अमेरिकेनं सामान्य लोकांच्या जीपीएसमध्ये मुद्दाम चूक घातलेली असायची, शंभर मीटरपर्यंत. त्या दिवशी ती बंद केली, आणि दुसऱ्याच दिवशी ऑरेगनमध्ये डेव्ह अल्मर नावाच्या माणसानं हे आता खरंच किती अचूक झालंय बघू म्हणून रानात एक काळी बादली ठेवली आणि तिचे आकडे इंटरनेटवर टाकले. थोड्याच दिवसांत माइक टीग नावाच्या माणसानं ती शोधली. म्हणजे आधी यंत्राची खात्री आणि मग डब्याची मजा, हाच ह्याचा मूळ क्रम.

आता ते दहा-पंधरा मीटर. तुम्ही लिहिलंय की स्क्रीनवर अचूकता पाच मीटर येते तरी डबा मिळत नाही. तो आकडा यंत्राचा स्वतःचा अंदाज असतो, हमी नाही. झाडीत, कड्याला लागून, उंच भिंतीशेजारी सिग्नल आपटून येतो आणि तो अंदाज आणखी ढिला पडतो, घाटातल्या त्या जागेला तर हे नक्कीच झालं असणार. वर ज्यानं डबा लपवला त्याच्याही यंत्राची तेवढीच चूक त्या आकड्यांत आधीच मिसळलेली. म्हणून अंतर पंधरा मीटरवर आलं की यंत्र खिशात घालायचं आणि डोळे वापरायचे. जमलं तर आधी दोन-तीन वेगळ्या दिशांनी त्या जागेकडं चालत या, प्रत्येक वेळी बाण कुठं रोखतोय ते लक्षात ठेवा, त्या रेषा जिथं एकमेकींना छेदतात त्याच्या आसपासच शोधा. मग डबा केवढा आहे ते पानावर वाचा, नॅनो असेल तर करंगळीच्या टोकाएवढा असतो, त्याला डबा म्हणूनच डोळ्यापुढं आणलं तर जन्मात दिसणार नाही. अवघडपणाचे आकडे पण बघा, १ ते ५ असतात, एक शोधायला किती अवघड त्याचा आणि एक वाटेचा. सुरुवातीला दोन्ही २ च्या आत असलेलेच घ्या. निसर्ग कधी दगड एवढे नीट रचत नाही, काटक्या एका दिशेनं लावत नाही, असं काही दिसलं की तिथं बघायचं. पण कपारीत हात घालायच्या आधी काठी घाला, दर वेळी. आपल्या सड्यांवर, दगडांखाली फुरसं आणि घोणस दोन्ही असतात आणि मुलगा तुमचं बघूनच शिकणार.

आणि डबा तिथं नसेलच, ही शक्यता तुम्ही पत्रात कुठंच धरली नाही ह्याचं मला वाईट वाटलं. आपल्याकडं हे डबे मुळात कमी, अंतरं लांब, शोधायला जाणारे थोडे, त्यामुळं एखादा डबा पावसात वाहून गेला, गुराख्याच्या पोरांनी उचलला किंवा वानरांनी फोडला तर कुणाला वर्ष-दोन वर्षं पत्ता लागत नाही. पानावर शेवटचा "सापडला" कधीचा आहे ते निघायच्या आधी वाचा. मधे तीन पावसाळे गेले असतील आणि वर दोन-तीन जणांनी "नाही सापडला" लिहिलं असेल तर पेट्रोल घालवू नका, आधी मालकाला, म्हणजे डबा लपवणाऱ्याला, मेसेज करा. आणि तुम्ही तिन्ही वेळा "नाही सापडला" अशी नोंद केलीच नाही, लाज वाटली म्हणालात. ताई, ती नोंद कराच. त्यावरूनच मालकाला कळतं की जाऊन बघायला पाहिजे, आणि तुमच्यामागून येणाऱ्या कुणाची तरी रविवारची फेरी वाचते.

मुलाचं बोलणं तुम्हाला लागलंय ते पत्रात दिसतंय. पण तिन्ही वेळा यंत्र कुणाच्या हातात होतं? तुम्ही लिहिताय "मी आकडे टाकले, मी बाण बघत चालले, तो मागून येत होता." बारा-तेरा वर्षांचा मुलगा मागून चालायला कंटाळणारच, डबा सापडला असता तरी कंटाळला असता. त्याला डबा मिळाला नाही ह्याचं दुःख आहे असं तुम्ही धरून चालताय, मला तर वाटतंय त्याला काम मिळालं नाही ह्याचं आहे. यंत्र त्याच्याकडं द्या, पूर्ण. फॉरमॅटचा वरचा घोळ त्यालाच वाचायला द्या आणि ३० सेकंद आणि ०.३ मिनिट ह्यातला फरक वहीवर काढायला लावा, गणिताचा तास म्हणून नाही, आईची चूक पकडायची म्हणून. ती पकडली की तो तुम्हाला आठवडाभर सोडणार नाही, आणि तेच पाहिजे आहे आपल्याला.

मिस्टरांच्या म्हणण्यात पण तथ्य आहे, ते मी टाळत नाही. गावाजवळच्या सोप्या डब्यांना फोन पुरतो, सुरुवात करणाऱ्यांनी तर फोनवरच करावी, आधी यंत्र विकत घेऊ नये. फोनचे त्रास आपल्या भागात पावसाळ्यात आणि घाटात सुरू होतात. नेटवर्क जातं, आधी उतरवून ठेवलेला नकाशा नसेल तर स्क्रीन कोरी, ओल्या बोटांना टच ऐकत नाही, आणि बॅटरी संपली की घरी फोन करायची सोयही त्याच्याबरोबर जाते. जुलैत पन्हाळा ते पावनखिंड मोहिमेला जाणाऱ्यांनी मसाईच्या पठारावरचं धुकं बघितलंय, पाच हातांवरचा माणूस दिसत नाही. तिथं बटणांचं यंत्र, खिशात दोन जादा सेल आणि आलेल्या वाटेनं परत नेणारा ट्रॅक, ह्याची किंमत कळते. तुमच्याकडं ते फुकटात आलंय. म्हणून विकायचा निर्णय त्या खांबाच्या परीक्षेनंतर, आणि नवीन घ्यायचा तर त्याच्याही नंतर. नवीन घेताना एक सांभाळा, काही महागड्या हँडहेल्डमध्ये सॅटेलाइटवरून मेसेज पाठवायची सोय असते, ती यंत्रं आपल्या देशात सरकारी परवान्याशिवाय बाळगायला बंदी आहे आणि विमानतळावर लोक त्यात अडकलेत. नुसता सिग्नल घेणारा साधा जीपीएस वेगळा, त्याचा ह्याच्याशी संबंध नाही. परदेशातून कुणी पाहुणा "भारीतला आणतो" म्हणाला तर आधी विचारा मेसेज पाठवतो का.

लोक विचारतात काय शोधताय, हेही तुम्ही लिहिलंय. सरळ सांगायचं, मुलाचा खेळ आहे, नकाशावरून डबा शोधायचा, आणि स्क्रीन दाखवायची. आपल्याकडची माणसं लगेच मदतीला लागतात, मग त्यांना आवरणं हेच अवघड. लपवाछपवी केली की मात्र संशय येतो, आणि धरण, पूल, उजळाईवाडीचा विमानतळ, रेल्वे असल्या जागी तर मुळात जायचंच नाही, आकडे तिथले निघाले तरी.

राहिलं पन्हाळ्याचं. तीन दरवाज्याजवळ नको ताई, गडावर कुठंच नको. ते पुरातत्त्व खात्याचं संरक्षित ठिकाण आहे, जुलै २०२५ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत आलेल्या बारा किल्ल्यांतला तो एक आहे, आणि शोधणारा माणूस भिंतीच्या सांदीत बोटं घालतो, दगड हलवून बघतो, हे आपल्याच गडाला होणार. तुम्हाला पन्हाळा दाखवायचाच असेल तर अर्थकॅश नावाचा प्रकार असतो, त्यात डबा नसतोच, जागेच्या भूगर्भाबद्दल प्रश्न असतात आणि लोक तिथं उभं राहून बघून उत्तरं पाठवतात. गडाच्या पायथ्यापासून माथ्यापर्यंत जांभा आणि काळा कातळ कुठं बदलतोय ह्यावरच चांगला होईल. त्यालाही गड सांभाळणाऱ्यांची परवानगी लागेल, ती आधी विचारा.

डबाच लपवायचा असेल तर माहेरी शिरोळकडं शेत आहे म्हणालात, ते उत्तम. परवानगी मागायची ती तुमच्या वडिलांकडं. उसात लपवू नका, तोड आली की कोयता आणि नंतर पाचट पेटवणं, दोन्हीत डबा जाणार. बांधावरचं मोठं झाड किंवा विहिरीपासून जरा लांबची दगडांची रचाई बघा, आणि २०१९ ला पुराचं पाणी कुठवर आलं होतं ते वडिलांना विचारून त्याच्या वरच ठेवा. डबा पारदर्शक घ्या, रबरी कडेचा, घट्ट झाकणाचा, म्हणजे कुणाला भलती शंका येणार नाही, आणि वर मराठीत मोठ्या अक्षरात खेळाचा डबा आहे असं लिहा. आत वही आणि पेन्सिल, पेनाची शाई दमट हवेत पसरते. खायचं काही ठेवू नका, मुंग्या लागतात. आजूबाजूला दुसरा कुणाचा डबा १६१ मीटरच्या आत नसावा असा नियम आहे, तिथं तो प्रश्न यायचा नाही.

आकडे मात्र एका दमात घेऊ नका. यंत्रात सरासरी काढायची सोय असेल तर एकदा सकाळी माप घ्या, मग कमीत कमी दीड तासानं परत, मग दुपारी, असं चार वेळा तरी, कारण मधल्या वेळात वरचे सॅटेलाइट जागा बदलतात आणि चुका एकमेकींना खाऊन टाकतात. हे काम मुलाला द्या आणि तुम्ही त्या वेळी शेतात जाऊ नका. त्यानं घेतलेले आकडे वहीत लिहून आणू दे, डिग्री आणि दशांश मिनिटांत, आणि मग तुम्ही त्याच यंत्रावर ते स्वतः टाकून त्याचा डबा शोधायला निघा.